शाब्बासमधलं बास

राजश्री मगदूम जन्मात कधी 'मी बघते' असं म्हणाली नव्हती.

कोल्हापूरच्या बाजूची बाई 'मी बघते' म्हणत नाही, 'मी बघतो' म्हणते. मी जेवलो, मी दमलो, मी माहेराला चाललो. पुण्यामुंबईची माणसं हसतात; बाई असून पुरुषासारखं काय बोलता, म्हणतात. हसू देत. तिथल्या बायकांनी असंच बोलून पोरं वाढवली, म्हशी सांभाळल्या आणि दारू पिऊन आलेल्या नवऱ्यांना उंबऱ्याबाहेर झोपवलं. राजश्रीची आई असंच बोलत मेली. राजश्रीही असंच बोलत मरणार होती.

म्हणून त्या दिवशी चहाच्या सुट्टीत जे झालं ते तिच्या डोक्यातनं जाईना.

शेडमधल्या सगळ्या बायका मशीनपाशीच होत्या. चहाची किटली टेबलावर एकटी निवत बसलेली. राजश्रीनं एक कप भरला आणि चार नंबरच्या मशीनपाशी सारिकासमोर धरला.

"सारिका, ऊठ. च्या गार व्हायला लागलाय."

"हे एवढं काढतो, मग येतो."

"मशीन काय पळून चाललंय व्हय? ऊठ म्हणतोय न्हवं."

सारिकानं मान वर केली. चेहऱ्यावर घाम, घामावर वाळू, आणि त्या सगळ्यावर एक गोड हसू. "आता गं? मगाशी तूच म्हणालीस की, तू तुझं काम कर, बाकीचं मी बघते."

"मी? कधी? मी आत्ता गोडाऊनमधनं येतोय."

सारिकानं जीभ चावली. तिचा हात उजव्या कानामागं गेला, तिथनं पटकन खाली आला. "काय न्हाई. भास झाला आसंल." आणि ती परत मशीनकडं वळली.

राजश्री कप घेऊन तिथंच उभी राहिली. भास होतात माणसाला. पण 'बघते'? हिला माझा भास झाला असता तर तो 'बघतो' म्हणाला असता.

*

ही शेड कोअरची. कोअर म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाण्याचा व्हॉल्व्ह आतनं पोकळ असतो. लोखंड ओतताना ती पोकळी आपोआप राहत नाही. आधी मशीनवरच्या लोखंडी डब्यात वाळू भरून तिचा तसा आकार करायचा, तो भाजून कडक करायचा, साच्याच्या पोटात बसवायचा आणि त्याच्याभोवती रसरशीत लोखंड ओतायचं. लोखंड निवलं की आतली वाळू फोडून, ठोकून, झटकून बाहेर काढायची. वाळूचं काम संपलं. पोकळी उरली. पोकळीला गिऱ्हाईक असतं, वाळूला नसतं.

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात हे कोअर बायका करायच्या. मालक म्हणायचे, बायकांचा हात हलका असतो. हात हलका नसतो, पगार हलका असतो. असो.

राजश्री या बारा जणींची सुपरवायझर. सगळ्या तिला राजाक्का म्हणायच्या. माणसांकडनं काम कसं करून घ्यायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा कंपनीनं तिला एका मोठ्या हॉटेलात शिकायला पाठवलं होतं. तिथं एका टायवाल्यानं सगळ्यांना डोळे मिटून मागं पडायला लावलं, मागच्यांनी झेलायचं, याला म्हणे टीम म्हणतात. परत आल्यावर बायकांनी विचारलं, "काय शिकवलं गं?" राजश्री म्हणाली, "मला चौघांनी झेललं. जेवान बरं होतं."

तिच्याकडं दोनच शब्द होते. कोअर अखंड, गुळगुळीत निघाला की शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिची आरोळी जायची, "शाब्बास गं, वाघिणी!" नुसती आरोळी, पण जिच्या नावानं ती निघायची ती बाई दिवसभर ताठ चालायची. आणि कुणाचे खांदे उतरले, कुणी तोंडानं श्वास घ्यायला लागली, की दुसरा शब्द यायचा. "बास!" राजाक्कानं बास म्हटलं की हात मशीनवरनं निघाले. मग समोर मालक उभा असो, नाहीतर मालकाचा बाप.

शाब्बास कुणीही म्हणतं. त्याला काही लागत नाही. बास म्हणायला छाती लागते, कारण बास वरच्या मजल्यावर ऐकू जातं.

*

टिकली आणली ती तन्मय वैद्यनं. पुण्याचा पोरगा, तिशीच्या आतबाहेरचा, बोलायला गोड. त्याच्या खोलीच्या दारावर पाटी होती 'संघ-प्रेरणा प्रमुख'. बायका त्याला 'प्रेरणासर' म्हणायच्या आणि तो गेला की तोंडाला पदर लावून हसायच्या.

टिकली म्हणजे कातडीच्या रंगाचा, कपाळावरच्या टिकलीएवढा तुकडा. कानामागच्या हाडावर चिकटवायचा. तन्मयनं शेडमध्ये येऊन सगळ्यांना समजावलं, आणि हे कबूल करायला पाहिजे की त्यानं चांगलं समजावलं.

कुणी आपलं कौतुक केलं, तो म्हणाला, की मेंदूत एक लाट उठते. पण ती उठायच्या आधी मेंदू एक प्रश्न विचारतो: कोण बोलतंय? परका असेल तर लाट अर्ध्यातच विरते. म्हणून भाषणं ऐकून माणूस टाळ्या वाजवतो आणि विसरतो. पण प्रत्येकाच्या डोक्यात एक आवाज असा असतो, की ज्याच्याबाबतीत मेंदू हा प्रश्न विचारतच नाही. दार उघडंच असतं. कुणाची आई असते, कुणाचा मास्तर. टिकली तो आवाज शोधते. कामाच्या गडबडीत ती हळूच काहीबाही पुटपुटते. कधी जाड, कधी बारीक, कधी जरा घोगरं. आणि हाडाला कान लावून लाट बघते. लाट वाढली की त्या बाजूला अजून थोडं सरकते.

"पाठीत खाज सुटली," तन्मय म्हणाला, "की नेमकी कुठं ते आपल्याला सांगता येत नाही. पण दुसऱ्याचं बोट बरोबर जागेवर आलं की आपण म्हणतो ना, हां, तिथंच! तसं. काही आठवड्यांत टिकलीला तुमचा आवाज सापडतो. त्या माणसाचं रेकॉर्डिंग लागत नाही. माणूस जिवंतही लागत नाही. तुमचा मेंदूच मशीनचं बोट धरून त्याला आवाज शिकवतो."

"म्हंजे माजी मेलेली सासू बोलायची का काय कानात?" जयूनं विचारलं. जयू सगळ्यांत तोंडाळ. शेड खदखदून हसली.

"सासू बोलली तर लाट उठणार नाही, ताई," तन्मय म्हणाला, आणि तेव्हा तर तो सगळ्यांना आवडूनच गेला.

जाता जाता त्यानं एक गोष्ट बजावली. आपल्याला कुणाचा आवाज येतो ते दुसरीला सांगायचं नाही. सांगितलं की आवाज विटतो.

"आणि मला?" राजश्रीनं विचारलं. "मला टिकली न्हाई?"

"सुपरवायझरला नसते, मॅडम. तुम्ही शाबासकी देणाऱ्या. तुम्हाला कोण देणार?"

*

पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. मग शेड गप्प होत गेली.

कोअरच्या शेडमध्ये कधी शांतता नसायची. मशीनचा फुसफुसाट, वाळूत मिसळलेल्या राळेचा जळका वास आणि त्यावर बायकांची बडबड. कुणाच्या पोरीला स्थळ आलंय, कुणाच्या जावेनं काय काड्या केल्या. ती बडबड आटली. भांडणंही आटली. बायका मान खाली घालून काम करायच्या आणि मधूनच हसायच्या. एकमेकींकडं बघून नाही. वाळूकडं बघून.

माल वाढला, फुटके कोअर कमी झाले. वरच्या मजल्यावरनं पेढे आले. पेढे वाटताना राजश्रीनं जयूच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास गं, वाघिणी!" जयूनं तिच्याकडं बघितलं. पाव्हण्याकडं बघावं तसं. "हं," म्हणाली आणि पेढा तोंडात टाकून कामाला लागली.

राजश्रीला ते लागलं. इतकी वर्षं जी आरोळी ऐकून बाया ताठ व्हायच्या, ती आता भिंतीला आपटून परत यायला लागली होती. वर आणखी एक विचित्र गोष्ट. बायका तिनं न बोललेल्या गोष्टींना उत्तरं द्यायला लागल्या. ती नुसती जवळनं गेली तरी कुणीतरी म्हणायचं, "व्हय, करतो की, किती वेळा सांगशील." ती लांब उभी असायची आणि कुणीतरी खाली मान घालून लाजायचं, तिनंच कौतुक केल्यासारखं.

आणि सारिका.

सारिका आणि ती एकाच हंगामात कामाला लागलेल्या. एका डब्यात जेवलेल्या, एकीच्या बाळंतपणात दुसरीनं तिची कामाची पाळी सांभाळलेली. मागच्या वर्षापासून सारिकाची छाती वाजायला लागली होती. वाळूची बारीक पूड फुप्फुसात गेली की परत येत नाही. तिथंच बसते, आणि फुप्फुस तिच्याभोवती दगड होत जातं. डॉक्टरनं सरळ सांगितलं होतं, वाळूपासून लांब ठेवा, नाहीतर आहे तेवढंही फुप्फुस उरायचं नाही. राजश्रीनं वरच्यांशी भांडून तिला दाराजवळ, वाऱ्यावर, खोकी भरायच्या टेबलाला बसवलं होतं.

टिकली लागली आणि सारिका स्वतःच्या पायानं चालत परत चार नंबरच्या मशीनवर आली. दाराशी बसून खोकी भरण्यात कसली आलीय शाबासकी? मशीनवर प्रत्येक कोअरला कानात कुणीतरी बोलत होतं. राजश्रीनं चार वेळा तिला उठवून दाराशी नेलं. चार वेळा ती परत आली.

"मरायचं हाय व्हय तुला?" राजश्री करवादली.

"मला कुठं काय हुतंय? उलट बरं वाटतंय." आणि हे बोलताना तिच्या गळ्याची खळगी दर श्वासाला आत जात होती. ओठांच्या कडा जांभळ्या पडल्या होत्या. सारिका खोटं बोलत नव्हती. थकवा गेला नव्हता. थकव्याची बातमी तिच्यापर्यंत पोचायची बंद झाली होती. बातमी यायच्या आत कुणीतरी दारात उभं राहून तिला परत पाठवत होतं.

कोण, ते राजश्रीला त्या चहाच्या सुट्टीनंतर हळूहळू कळायला लागलं. 'बाकीचं मी बघते.' शब्द परक्याचे होते. पण सारिकानं ते कुणाचे म्हणून सांगितले?

ती वरच्या मजल्यावर गेली.

*

"सर, त्या टिकलीत माझा आवाज हाय."

तन्मयनं नाकारलं नाही. उलट उठून खुर्ची पुढं केली. "बसा ना, मॅडम. खरं म्हणजे आम्हीच तुम्हाला सांगणार होतो. अभिनंदन! बारापैकी नऊ जणींमध्ये."

"नऊ?"

"विश्वास बसत नाही ना? आमचाही बसला नाही. सगळीकडं बहुतेक आई येते. शाळेतल्या बाई येतात. नवरा फार क्वचित." तो हसला. "पण एकाच सुपरवायझरचा आवाज नऊ डोक्यांत, हे पहिल्यांदाच. तुमच्यावर पुण्यात प्रेझेंटेशन झालंय."

"कुणाला विचारून घेतला?"

"तुमच्याकडून काही घेतलेलंच नाही. त्यांच्या डोक्यातून घेतलं. तुमचा आवाज तुमचा. पण त्यांच्या मनातला तुमचा आवाज त्यांचा आहे. त्यांची परवानगी आहे."

शिकलेल्या माणसाचं हे एक असतं. चोरीसुद्धा अशी समजावून सांगतो की ज्याचं चोरलं त्यालाच वाटावं, आपल्याकडं ते कधी नव्हतंच.

"मग 'बघते' का म्हणतीया?" राजश्री म्हणाली. "मी 'बघतो' म्हणतो."

"आवाज त्यांचा मेंदू ठरवतो. वाक्यं आमची असतात, प्रमाण मराठीत. तुमचं व्याकरण तेवढं आम्ही दुरुस्त केलं म्हणा ना."

"आणि बास? बास म्हणती का ती?"

"नाही. नकारात्मक शब्द आम्ही देत नाही."

"सारिकाला मशीनवरनं काढा. तिची छाती गेलीया."

"तिला कुणी बसवलं तिथं? मॅडम, जबरदस्ती कुणालाच नाही. टिकली कधीही काढता येते. अजून एकीनंही काढलेली नाही." त्यानं टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "आणि राग मानू नका, पण तुम्ही तरी इतकी वर्षं वेगळं काय करत होता? शाबासकी देऊनच काम काढत होता ना?"

हा घाव बरोबर बसला. खोटा असता तर बसला नसता. तिच्या आरोळ्यांवर तिच्या बायकांनी वर्षानुवर्षं जास्तीचे कोअर काढले होते, आणि त्या कोअरच्या पोकळीतनं गावोगाव पाणी गेलं, पैसा वर गेला, आणि पूड छातीत राहिली.

"ऐकायचाय तुम्हाला?" तन्मयनं ड्रॉवरमधनं एक टिकली काढली. "हा सारिकाताईंचा आवाज आहे. म्हणजे, तुमचा."

तिनं ती कानामागं लावली. आधी काहीच नाही. मग डोक्याच्या आत, कानात नव्हे, कवटीच्या आत, कुणीतरी हलकं खाकरलं. तिच्यासारखंच. बोलायला सुरुवात करण्याआधी ती खाकरते तस्सं.

*मी इथेच आहे. किती सुंदर केलंस. अजून थोडं, हं? दमली नाहीस तू. बाकीचं मी बघते.*

राजश्रीनं टिकलीवर बोट दाबून धरलं. आवाज तिचा होता, पण तिच्यापेक्षा चांगला होता. तिच्या आवाजातली खरखर होती, त्या खरखरीतला चिडका कंटाळा नव्हता. ही बाई कधी घरच्या कटकटीवरनं वैतागून कामावर आली नव्हती. ही कधी कुणाला उगाच टोचून बोलली नव्हती. सारिकाच्या मनात इतकी वर्षं ही बाई राहत होती. आणि सारिकाला वाटत होतं की ती राजश्री आहे.

एक क्षणभर राजश्रीला त्या बाईचा हेवा वाटला. दुसऱ्या क्षणी तिनं टिकली ओरबाडून टेबलावर टाकली.

"माझ्या तोंडात दोन शब्द हुते, सर," ती म्हणाली. "तुम्ही शाब्बास तेवढं घेतलं आणि त्यातलं बास टाकून दिलं. एवढाच फरक."

तन्मयला हे आवडलं. त्यानं ते लिहून घेतलं.

*

जिना उतरतानाच तिला चार नंबरच्या मशीनपाशी सारिका दिसली. ती वाकलेली होती, एक हात मशीनच्या दांड्यावर आणि दुसरा छातीवर. तोंड उघडं. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडत मिटत होतं. आणि दांड्यावरचा हात काम करतच होता. डबा उघडला, कोअर काढला, डबा मिटला.

राजश्री जिन्यावरनंच ओरडली. आतड्यापासनं ओरडली.

"बाऽऽस!"

शेडमध्ये नऊ माना एकदम वर झाल्या. नऊ चेहऱ्यांवर एकच हसू पसरलं, एकाच वेळी, कुणीतरी एकाच बटणानं नऊ दिवे लावावेत तसं. आणि नऊ जणींचे हात दुप्पट वेगानं चालायला लागले.

उरलेल्या तिघी, ज्यांच्या कानात दुसरं कुणी बोलत होतं, त्यांनी मान उचललीसुद्धा नाही.

"बास म्हणतोय! सारिका! बास!"

सारिकाचं हसू आणखी फुललं. तिनं पुढचा डबा मिटला.

राजश्री शेवटच्या पायरीवर आली. तिला कळलं. बाहेरनं तिचाच आवाज, आतनं तिचाच आवाज, आणि आतला हाडातनं येतो म्हणून नेहमी वरचढ. ती 'बास' ओरडत होती आणि टिकली त्याच्यावर 'शाब्बास' अंथरत होती. त्यांच्या डोक्यानं दोन्हींची एकच गाठ मारली. ती जितकं जोरात थांब म्हणेल, तितकं तिथं जोरात चालव ऐकू जाणार होतं.

ती धावली. वाळूच्या ढिगात पाय रुतला, चप्पल तिथंच राहिली. मध्ये जयू होती, राजश्रीनं तिचा दंड धरून गदागदा हलवला, "अगं, तिकडं बघ, ती मराय लागलीया!" जयूनं गोड आवाजात सांगितलं, "व्हय राजाक्का, तू म्हणतीस तसंच करतोय." आणि दंड सोडवून घेतला.

राजश्रीनं भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. शेडमधली सगळी मशीनं एक उसासा टाकून बंद पडली. दिवे गेले. पत्र्यातल्या भोकांतनं उन्हाच्या बारीक काठ्या आत आल्या, आणि त्या काठ्यांत ती पूड दिसली. इतकी वर्षं ज्यात श्वास घेतला ती पूड. संथ, चकाकत, सगळीकडं. खाली अंधारात मेलेल्या मशीनवर बारा जणींचे हात चालूच होते. बंद डबा उघडायचा, आत काहीच नाही, ते काहीच नाही दोन्ही हातांत अलगद धरून बाजूला ठेवायचं, डबा मिटायचा.

ती सारिकापाशी पोचली. तिचं डोकं छातीशी धरलं, उजव्या कानामागं नख घातलं आणि टिकली उपटून काढली. कातडीचा एक पापुद्रा तिच्यासोबत आला.

सारिकाचे हात थांबले. सगळी बातमी एकदम पोचली असणार, कारण तिचे गुडघे मोडले आणि ती राजश्रीच्या अंगावर कोसळली. जमिनीवर, वाळूत, राजश्रीच्या मांडीवर तिचं डोकं. डोळे मोठे झालेले, इकडंतिकडं भिरभिरणारे.

"राजाक्का," ती म्हणाली. एकेका अक्षराला श्वास पुरेना. "राजाक्का, कुठं गेलीस?"

"अगं, हाय की हितंच! मांडीवर घेऊन बसलोय तुला!"

सारिका तिच्या तोंडाकडं बघत होती. नीट बघत होती. आणि तिला शोधत होती.

"कुठं गेलीस गं मला टाकून?"

*

दवाखान्यात सारिकाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा चढवला. नवरा परगावी, ड्रायव्हर. तो निघाला होता. डॉक्टरीणबाईनं राजश्रीला बाजूला घेतलं.

"एक फुप्फुस जवळजवळ बंद आहे. दुसऱ्यावर निभावेल, पण ती शांत पडून राहिली तर. घाबरली, धडपडली, मास्क ओढला, की संपलं. झोपेचं औषध या श्वासाला देता येत नाही. तुम्ही कोण यांच्या?"

"मी..." राजश्री अडखळली. "आम्ही एका ठिकाणी कामाला हाय."

"बोलत राहा त्यांच्याशी. ओळखीच्या आवाजानं बरं वाटतं."

राजश्री खाटेपाशी बसली. खिडकीबाहेर संध्याकाळ व्हायला लागली होती, खाली भेळवाला गाडी लावत होता. फोनवर तन्मयचा निरोप येऊन पडला होता: सारिकाताई लवकर बऱ्या होवोत, बाकीच्या ताईंना पगारी सुट्टी दिली आहे, टिकली घरीही वापरायची सोय करतो आहोत. तिनं फोन पालथा टाकला.

सारिका तळमळत होती. मान या कुशीवरनं त्या कुशीवर. मुखवटा ओढायला हात सारखा वर जात होता आणि राजश्री तो धरून खाली आणत होती.

"सारिका, ए सारिका. गप पड बघू. मी हाय न्हवं हितं. मी कुठं जातो तुला सोडून?"

सारिकाचे डोळे उघडले. तिनं राजश्रीकडं बघितलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. मान हलली. नाही.

"अगं मीच हाय. राजाक्का. आता काम न्हाई, काय न्हाई. बास झालं. बास कर आता."

बास ऐकून ती आणखी बिथरली. श्वास तुटक तुटक झाला, खाटेशेजारचं यंत्र पीं पीं वाजायला लागलं. तिनं राजश्रीचं मनगट पकडलं. जी बाई इतकी वर्षं त्या आवाजाच्या आरोळीवर ताठ चालली होती, ती आता त्याच आवाजाला कुणाची तरी वाईट नक्कल असल्यासारखं हाकलत होती. मुखवट्याच्या आतनं, वाफेतनं, तिचे शब्द आले.

"असं नव्हं गं. नीट म्हण."

यंत्र ओरडत होतं. बाहेर कुणीतरी पळत यायला लागलं होतं. सारिकाचा दुसरा हात मुखवट्याच्या दोरीपाशी पोचला.

राजश्री एकदा खाकरली. मग ती खाली वाकली, सारिकाच्या उजव्या कानामागं, सोललेल्या त्या लाल डागापाशी तोंड नेलं आणि सावकाश, मऊ, एकेक शब्द पुसून ठेवावा तसं म्हणाली,

"मी इथेच आहे. किती सुंदर केलंस. आता झोप, हं? बाकीचं मी बघते."

सारिकाचा हात दोरीवरनं सुटला. खांदे खाली आले. यंत्राचा आवाज संथ झाला, आणि दारापर्यंत आलेली नर्स तिथनंच मागं वळली. सारिकाच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, वाळूकडं बघून यायचं तेच. डोळे मिटता मिटता तिनं राजश्रीच्या हातावर हलकेच दोनदा थोपटलं.

"शाब्बास," ती पुटपुटली.

राजश्रीच्या कानामागं काहीच नव्हतं. तिनं हात लावून बघितलं. तरी छातीत एक उबदार लाट उठली, कोण बोलतंय हे न विचारता उठली, आणि तिला फार बरं वाटलं.